मोठ्या माणसांच्या एडीएचडीचा हिशोब कोण ठेवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांमधल्या एडीएचडीवर, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा आणि उतावळेपणा यांच्या विकारावर, लेख आला होता. लेख चांगलाच होता, शाळेत काय होतं, पालकांनी कसं वागावं, औषधांना किती घाबरायचं, सगळं समजेल असं लिहिलं होतं, पण शेवटाकडे एक वाक्य होतं की मुलं मोठी झाली की बहुतेकांचं हे आपोआप कमी होतं. ते वाक्य वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. पत्र थोडं लांबेल, पण जागा द्याल ही विनंती.

कमी काय होतं ते आधी सांगते. वर्गात जागेवर न बसणं, सतत पळणं, मधेच ओरडणं हे जे बाहेरून दिसतं ते वयाबरोबर खरंच कमी होतं. पण लक्ष न टिकणं, वेळेचा अंदाजच न येणं, करायचं माहीत असून काम सुरूच न होणं, मनात आलं की करून मोकळं होणं हे सगळं आत चालू असतं आणि ते बऱ्याच जणांचं जात नाही. २००६ साली जुने अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा असं दिसलं की लहानपणी निदान झालेल्यांपैकी पंचविशीत सगळे निकष पूर्ण करणारे साधारण १५ टक्केच उरतात, आणि लोक तेवढाच आकडा उचलतात. पण ज्यांना काही लक्षणांचा त्रास चालूच आहे अशांनाही धरलं तर तोच आकडा ६५ टक्क्यांच्या आसपास जातो. आणि ते निकष बनवले होते ते शाळकरी मुलांना डोळ्यासमोर ठेवून. निदानासाठी ठिकठिकाणी वापरतात त्या डीएसएम या मानसिक विकारांच्या अमेरिकन पुस्तिकेच्या १९६८ च्या आवृत्तीत तर लिहिलंच होतं की हा प्रकार किशोरवयात ओसरतो. मोठ्यांसाठी निकष जरा सैल व्हायला २०१३ उजाडलं, तेव्हा कुठे सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली गेली आणि लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसलीच पाहिजेत ही अट बाराव्या वर्षापर्यंत नेली. म्हणजे आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत ते शाळेत होते तेव्हा त्यांना कोणी तपासायचा प्रश्नच नव्हता, विशेषतः जे शांत बसून खिडकीबाहेर बघायचे त्यांना.

असे लोक किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीतून वीस देशांचे आकडे २०१७ साली आले, त्यात मोठ्या माणसांमध्ये सरासरी २.८ टक्के. शंभर जणांच्या ऑफिसात दोन-तीन जण झाले की हे.

मला जे म्हणायचंय ते असं की वय वाढेल तसं हे महागात पडत जातं आणि ती किंमत कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. लहानपणी दुसरं कोणीतरी वेळापत्रक आखून देतं, दप्तर भरतं, आठवण करतं, परीक्षेची तारीख ठरवतं. मोठं झालं की हा सगळा आधार एकदम काढून घेतला जातो आणि वरून कर्जाचे हप्ते, विमा, टॅक्स, मुलांची फी, आईवडिलांची औषधं हे सगळं अंगावर येतं, आणि यातलं प्रत्येक काम म्हणजे लक्षात ठेवून, वेळेवर, कंटाळा आला तरी करायचं काम. नेमकं हेच ज्या मेंदूला सगळ्यात जड जातं त्याच मेंदूवर हे सगळं येऊन पडतं.

स्वीडनमध्ये २०२० साली एक अभ्यास झाला, अख्ख्या देशाच्या आरोग्य नोंदी आणि त्यासोबत जवळजवळ १,८९,००० लोकांचे कर्जाचे व्यवहार. त्यात निघालेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एडीएचडी असलेले तरुण सुरुवातीला इतरांसारखेच असतात, कर्ज मागायचं प्रमाण तेवढंच, हप्ते थकवायचं प्रमाणही तेवढंच, पण मध्यम वयात पोचेपर्यंत थकबाकी झपाट्याने वाढत जाते, क्रेडिट स्कोअर पडतो, आणि गरज सगळ्यात जास्त असते तेव्हा कर्ज मिळत नाही. शिक्षण, उत्पन्न, इतर मानसिक आजार, व्यसन हे सगळं हिशोबात धरूनही हे दिसलं. चक्रवाढ व्याज कसं वाढतं ते सगळ्यांना माहीत आहे, इथे चुकाच चक्रवाढीने वाढतात. एक बिल राहिलं, त्याचा दंड, दंडाने पुढचा हप्ता चुकला, त्याचा रिपोर्टवर डाग, डागामुळे पुढचं कर्ज जास्त व्याजाने. आणि याच अभ्यासात असंही होतं की एडीएचडी असलेल्यांमध्ये जे पैशाच्या अडचणीत असतात त्यांच्यात आत्महत्येचा धोका चौपट असतो. हे वाक्य मी फार जपून लिहितेय, कोणाला घाबरवायचं नाहीये, पण घरात कोणी कर्जाबद्दल बोलायचं टाळत असेल, पाकिटं न उघडता ठेवत असेल तर त्याला बेफिकीर म्हणायच्या आधी एकदा जवळ बसून विचारा, आणि जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

हे मी लांबून बघून लिहीत नाहीये. माझ्या नवऱ्याचं निदान चाळिशी ओलांडल्यावर झालं, तेही मुलीच्या निमित्ताने. तिला तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर जे प्रश्न विचारत होत्या त्यातल्या निम्म्या प्रश्नांना तो तिच्याआधी मान डोलवत होता. हे घराण्यातून येतं, जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून याची आनुवंशिकता ७४ टक्क्यांच्या आसपास सांगतात, त्यामुळे मुलाच्या निदानानंतर आई किंवा वडिलांचं कळणं हे काही नवल नाही. त्याआधी एका डॉक्टरांनी त्याला परत पाठवलं होतं, म्हणाले तुमचं शिक्षण पूर्ण झालंय, नोकरी करताय, संसार आहे, मग तुम्हाला कसलं एडीएचडी. ती नोकरी टिकवायला तो रात्र रात्र जागून काय करत होता हे कोणी विचारलं नाही.

घरचा हिशोब मी बघते त्यामुळे मला या खर्चाची जात माहीत आहे. एकेक रक्कम छोटी असते म्हणूनच ती दिसत नाही. पैसे खात्यात असताना उशिरा भरलेलं बिल आणि त्याचा दंड. हरवली म्हणून दुसऱ्यांदा घेतलेली वस्तू, जी नंतर सापडते. फुकट ट्रायल म्हणून सुरू केलेलं आणि बंद करायचं राहिलेलं सबस्क्रिप्शन. परत करायची मुदत उलटून गेलेली खरेदी. ऑफिसकडून परत मिळणारे प्रवासाचे पैसे, जे फॉर्म न भरल्याने बुडाले. चुकलेली गाडी आणि आयत्या वेळचं महागडं तिकीट. बंद पडलेली विमा पॉलिसी, जी पुन्हा सुरू करताना वय वाढल्यामुळे हप्ता वाढतो. दात दुखतोय पण अपॉइंटमेंट घ्यायची राहिली म्हणून जिथे साध्या फिलिंगवर भागलं असतं तिथे रूट कॅनाल. यातलं काहीही कोणाही माणसाकडून होऊ शकतं, सगळे म्हणतातच की आमच्याकडूनही होतं असं. होतं, पण महिन्याला, प्रत्येक बाबतीत, वर्षानुवर्षं आणि मनापासून प्रयत्न करूनही होत राहणं वेगळं.

नोकरीचं तर अजून मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्याच पाहणीत दहा देशांतल्या नोकरदारांचे आकडे २००८ साली आले होते, त्यात एडीएचडी असलेल्या माणसाचं वर्षाला सरासरी २२ दिवसांचं काम वाया जातं असं निघालं, तशाच इतर कामगारांच्या तुलनेत जादा. म्हणजे वर्षातला जवळजवळ एक महिना गेला. आणि हे सगळे गैरहजेरीचे दिवस नाहीत, मोठा वाटा ऑफिसात खुर्चीवर बसून काम न होण्याचा, कमी होण्याचा, चुकीचं होण्याचा आहे. बाहेरून तो माणूस कामावर असतो, आतून तो सकाळपासून एक ईमेल सुरू करायचा प्रयत्न करत असतो. त्याच पाहणीत हेही होतं की यातल्या फार थोड्या लोकांनी कधी उपचार घेतले होते.

अशा माणसाचा बायोडेटा बघितला तर नोकऱ्या भराभर बदललेल्या दिसतात. पहिले काही महिने नवीन असतं म्हणून उत्तम जातात, साहेब खूश असतात, मग रिपोर्ट, फॉलोअप, टाइमशीट हे रोजचं सुरू होतं आणि तिथे गाडी अडते. मोठं अवघड काम संकटात एका रात्रीत करून देणारा माणूस आठवड्याचा साधा रिपोर्ट देत नाही, मग साहेबाला वाटतं हा मुद्दाम करतोय. हुशार आहे पण सिरीयस नाही हा शेरा शाळेच्या प्रगतीपुस्तकापासून अप्रेझलपर्यंत जसाच्या तसा येतो. प्रमोशन हुकतं, किंवा अपमान सहन न होऊन राजीनामा दिला जातो, तोही तिरमिरीत, पुढची नोकरी हातात नसताना. मग प्रत्येक वेळी पगार खालून सुरू.

देशाच्या पातळीवर काही ठिकाणी हा हिशोब मांडलाय. ऑस्ट्रेलियात २०१९ साली एडीएचडीचा एकूण सामाजिक आणि आर्थिक भार वर्षाला २० अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर काढला, त्यातला जवळजवळ १३ अब्ज हा सरळ पैशातला खर्च, आणि या पैशातल्या खर्चाचा ८१ टक्के भाग बुडालेल्या उत्पादकतेचा. अमेरिकेत फक्त मोठ्या माणसांचा हिशोब १२२.८ अब्ज डॉलर आला, त्यातले निम्म्याहून जास्त बेरोजगारीमुळे, आणि डॉक्टर, औषधं, हॉस्पिटल असा सगळा आरोग्यखर्च मिळून १२ टक्क्यांच्याही आत. हे प्रमाण नीट बघा. विमा कंपन्या, सरकारं, घरातली माणसंसुद्धा हात आखडता घेतात तो या छोट्या भागावर, आणि उरलेलं सगळं निमूटपणे भरत राहतात.

डेन्मार्कचा अभ्यास मला सगळ्यात पटला कारण त्यात सख्ख्या भावंडांची तुलना आहे. एकाच घरात वाढलेले दोघं भाऊ किंवा दोघी बहिणी, एकाला एडीएचडी जे लहानपणी ओळखलंच गेलं नव्हतं, दुसऱ्याला नाही. गरिबी, संस्कार, शाळा, आईवडील यांना दोष द्यायला तिथे फारशी जागा उरत नाही. तर एडीएचडी असलेल्या भावंडामागे वर्षाला सुमारे २०,००० युरो जास्तीचा भार निघाला, कमी कमाई, कमी भरलेला टॅक्स, जास्त सरकारी मदत, जास्त आरोग्यखर्च हे सगळं धरून. ज्या घरात एक मुलगा स्थिरस्थावर आणि दुसऱ्याचं काहीच मार्गी लागत नाही, आणि आयुष्यभर त्याला भावाचं उदाहरण दिलं जातं, त्या प्रत्येक घराने हा आकडा वाचावा असं मला वाटतं.

पैशापलीकडचं मोजणं अवघड आहे. नवरा-बायकोत एकजण हळूहळू मॅनेजर होतो, आठवण करणारा, तपासणारा, ओरडणारा, आणि दुसरा मोठा असून मुलासारखा होतो, सतत बोलणी खाणारा, मग लपवणारा. लपवायला लागला की विश्वास जातो आणि भांडण बिलाचं राहत नाही. मित्र तुटतात कारण फोन करायचा राहतो, वाढदिवस विसरतात, पैसे परत द्यायचे विसरतात, आणि समोरच्याला वाटतं याला आपली किंमत नाही. बायकांचं तर आणखी वाईट. मुलींमध्ये धांगडधिंगा कमी म्हणून शाळेत लक्षात येत नाही, मोठेपणी नैराश्य किंवा चिंतेच्या गोळ्या सुरू होतात आणि मुळाशी काय आहे ते तसंच राहतं. त्यात घरातलं सगळं लक्षात ठेवायचं काम जवळजवळ सगळीकडे बाईकडेच असतं. पुरुष विसरला तर वेंधळा म्हणून हसतात, बाई मुलाची लस विसरली तर तिला आई म्हणून नालायक ठरवतात.

जिवाचाही प्रश्न आहे. डेन्मार्कमध्ये २०१५ च्या अभ्यासात एडीएचडी असलेल्यांचा मृत्युदर इतरांच्या दुप्पट दिसला आणि अनैसर्गिक मृत्यूंमध्ये सगळ्यात जास्त अपघाताचे होते. ज्यांचं निदान अठराव्या वर्षानंतर झालं त्यांच्यात तो चौपटीच्याही वर. ब्रिटनमध्ये २०२५ साली आलेल्या अभ्यासात निदान झालेल्या पुरुषांचं आयुर्मान जवळजवळ ७ वर्षांनी आणि बायकांचं साडेआठ वर्षांहून जास्त कमी निघालं. निदानापर्यंत पोचणारे बहुधा जास्त त्रासातले असतात हे धरलं तरी आकडा लहान नाही. आणि स्वीडनमध्ये २०१४ साली दिसलं की एडीएचडी असलेल्या पुरुषांमध्ये औषध चालू असलेल्या काळात गंभीर वाहन अपघातांचा धोका ५८ टक्क्यांनी कमी होता. अशा अपघातात समोरची गाडी आपली असू शकते, त्यामुळे हा फक्त त्या माणसाचा आणि त्याच्या घरच्यांचा विषय नाही.

आता दोन आक्षेप नेहमी येतात. एक म्हणजे हल्ली मोबाईलमुळे सगळ्यांचंच लक्ष उडालंय, मग सगळ्यांनाच एडीएचडी म्हणायचं का. अजिबात नाही. निदानाला लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, घर आणि काम अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांनी जगण्यात खरोखर अडथळा यावा लागतो. झोप पुरेशी नसेल, थायरॉइडचं काही असेल, नैराश्य असेल तरी असंच दिसू शकतं, म्हणून रील बघून स्वतःच शिक्का मारून घेऊ नका, नीट तपासून घ्या. दुसरा आक्षेप औषधांचा. एडीएचडीसाठी देतात ते मिथाइलफेनिडेट १९४४ साली तयार झालं आणि १९५४ पासून बाजारात आहे, इतकी वर्षं वापरलेलं औषध आहे. त्याचा गैरवापर होऊ शकतो, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके तपासावे लागतात, ते डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घ्यायचंच नाही, हे सगळं खरं आहे. पण म्हणून मोठ्या माणसाने ते मागितलं की त्याच्याकडे नशेबाज असल्यासारखं बघायचं हे चूक आहे.

औषधाने सगळं सुटतं असंही मी म्हणत नाही. मघाशी सांगितलेल्या स्वीडनच्या कर्जाच्या अभ्यासात औषध घेणाऱ्यांचे पैशाचे व्यवहार सुधारलेले दिसले नाहीत. गोळीने लक्ष लागतं, थकलेले हप्ते काही भरले जात नाहीत, त्याला वेगळी व्यवस्था लागते. आमच्याकडे सगळी बिलं ऑटो-पेला टाकली, मोठ्या खरेदीला एक रात्र मधे जाऊ द्यायची असं ठरवलं, त्यातून दंड जवळजवळ थांबले. भांडणं कमी झाली ती मात्र निदान कळल्यामुळे, कारण आता आम्ही दोघं एका बाजूला आहोत. ऑफिसांनाही फार काही करायचं नाहीये, तोंडी सांगितलेलं काम दोन ओळींत लिहून देणं, तीन महिन्यांची एकच डेडलाइन न देता दर आठवड्याची छोटी देणं, बसायला गजबजाटापासून लांब जागा किंवा हेडफोन वापरायची मोकळीक. याला बजेट लागत नाही, साहेबाची समजूत लागते. आणि नोकरी जाण्याच्या भीतीशिवाय माणूस सांगू शकला पाहिजे, आज बहुतेक जण सांगत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे.

तेव्हा विनंती अशी की पुरवणीत मोठ्यांच्या एडीएचडीवर वेगळा लेख घ्या आणि तो फक्त मानसोपचारतज्ज्ञांकडून नको. एखाद्या कर्ज सल्लागाराला विचारा की हप्ते थकलेल्या लोकांमध्ये असे किती दिसतात. कंपन्यांच्या एचआरवाल्यांना विचारा की कोणी येऊन सांगितलं तर ते काय करतात. कौटुंबिक समुपदेशकांना विचारा, आणि ज्यांना तिशी, चाळिशी, पन्नाशीत कळलं त्या माणसांना नाव न छापता बोलू द्या. माझा नवरा बोलायला तयार आहे.

आपली नम्र,
एक वाचक